हाताची घडी सोडून पाहायचे चित्रपट

आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयात, बालविभागाच्या खोलीत, दर शनिवारी संध्याकाळी मी लहान मुलांना छोटे ॲनिमेशनपट दाखवतो. गाव सिंधुदुर्ग जिल्ह्यातले, कुडाळच्या जवळचे. वडिलांचा फोटो स्टुडिओ होता. पुढे तो मी चालवला आणि मोबाइलच्या कॅमेऱ्यापुढे टिकेना तेव्हा बंद केला. हातात वेळ आला, घरात एक जुना प्रोजेक्टर होता आणि हलत्या चित्रामागचे यंत्र समजून घेण्याची हौस लहानपणापासूनची. या विषयातले माझे शिक्षण एवढेच. जे थोडेफार कळले ते रद्दीच्या दुकानात मिळालेली पुस्तके, ओळखीपाळखीतून मागवलेले शोधनिबंध आणि ही मुले यांच्याकडून.

हा लेख लिहायला कारण झाला तो एका बाईंचा प्रश्न. त्या काजूच्या कारखान्यात कामाला जातात. मुलगा चार वर्षांचा. घरी मोबाइल समोर धरल्याशिवाय घास घेत नाही आणि चार मुलांत गेला की तोंडातून शब्द काढत नाही. दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात त्याला घ्यायला त्या आल्या, दारातच थांबल्या आणि म्हणाल्या, "काका, मी मोबाइल देते म्हणून डॉक्टर मला ओरडले. तुम्ही पण इथे पडदाच दाखवता ना? मग तुमच्यात नि माझ्यात फरक काय?"

मला उत्तर देता आले नाही. तेव्हाची माझी पद्धत अशी : चाळीसएक मुले, पाऊण तास, एकामागून एक सात-आठ चित्रपट आणि सुरुवातीलाच सूचना, "हाताची घडी, तोंडावर बोट!" मुले चिडीचूप बसत. त्या शांततेलाच मी यश समजत होतो. बाईंच्या प्रश्नानंतर मी मुलांच्या चेहऱ्यांकडे नीट पाहू लागलो. पहिल्या दहा मिनिटांनंतर बहुतेक डोळे पडद्यावर असत, पण त्या डोळ्यांत काही घडताना दिसत नसे. त्यातून शोध सुरू झाला. तो तीन प्रश्नांचा होता. हलणारे चित्र म्हणजे मुळात काय? लहान मुलाला पडद्यावरून काय मिळते आणि काय मिळत नाही? आणि पाहण्याला हातांची जोड दिली तर फरक पडतो का?

वाटाण्याची कुंडी

आपल्याकडे या गोष्टीची सुरुवात एका कुंडीपासून होते. 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी प्रदर्शित झाला, हे सगळ्यांना माहीत असते. त्याच्या आधी दादासाहेब फाळके यांनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा एकाच जागी ठेवला आणि ठरावीक अंतराने एकेक चौकट टिपत राहिले. पडद्यावर ते दाखवल्यावर कोंब मातीतून वर आला, वाढला, त्याचा वेल झाला. हा छोटा चित्रपट 'अंकुराची वाढ' या नावाने ओळखला जातो. तो निवडक परिचितांना दाखवून फाळक्यांनी पुढच्या मोठ्या चित्रपटासाठी भांडवल उभे करायला सुरुवात केली.

त्यांनी महिनाभर रोज एक चौकट घेतली, असे पुष्कळ ठिकाणी लिहिलेले आढळते. हिशेब करून पाहा. मूकपटाच्या काळात सेकंदाला साधारण १६ चौकटी पडद्यावर जात. ३० दिवसांच्या ३० चौकटी जेमतेम दोन सेकंदांत संपतील. म्हणजे कोंब डोळ्यांना नीट वाढताना दिसावा, यासाठी दिवसाला एक नव्हे, कितीतरी चौकटी घ्याव्या लागणार. हा हिशेब मी मुद्दाम सांगतो, कारण ॲनिमेशनचे सारे मर्म त्यातच आहे. पडद्यावरच्या एका सेकंदामागे माणसाच्या हातांचा फार मोठा वेळ असतो. पुढे फाळक्यांनी काड्यापेटीतल्या काड्या एकेक सरकवून 'आगकाड्यांची मौज' हा चित्रपट केला. वाटाणा, कुंडी, आगकाड्या अशा घरात सापडणाऱ्या वस्तूंनी आपल्याकडच्या ॲनिमेशनची सुरुवात झाली.

आधी खेळणे, मग चित्रपट

युरोपातही क्रम हाच होता. चित्रपटगृह नंतर आले, हातातले खेळणे आधी. १८२० च्या दशकात लंडनमध्ये जॉन आयर्टन पॅरिस या डॉक्टरांनी एक चकती प्रसिद्धीस आणली. एका बाजूला पक्षी, दुसऱ्या बाजूला पिंजरा. दोन्ही कडांना बांधलेले दोरे पिळून सोडले की चकती गरगरते आणि पक्षी पिंजऱ्यात बसलेला दिसतो. तिला थॉमाट्रोप म्हणत. १८३२ मध्ये बेल्जियमचे जोसेफ प्लाटो यांनी खाचा पाडलेली फिरती चकती केली. आरशासमोर धरून खाचांतून पाहिले की तिच्यावरची चित्रे हलू लागतात. १८६८ मध्ये इंग्लंडमध्ये जॉन बार्न्स लिनेट यांनी अंगठ्याने पाने फरफर उलटण्याच्या चित्रवहीचे पेटंट घेतले. १८९२ मध्ये पॅरिसला एमिल रेनो यांनी हाताने रंगवलेल्या चित्रांची लांब पट्टी पडद्यावर दाखवली. ल्युमिएर बंधूंच्या प्रसिद्ध खेळाच्या आधी तीन वर्षे. रेनो ती पट्टी स्वतःच्या हातांनी फिरवत. हवी तिथे थांबवत, मागे नेत, पुन्हा पुढे आणत. त्यामुळे सुमारे पाचशे चित्रांचा त्यांचा खेळ जवळपास पंधरा मिनिटे चाले.

ही चित्रे हलताना का दिसतात? डोळ्यात प्रतिमा क्षणभर रेंगाळते म्हणून, असे आपण शाळेत शिकलो. पक्षी आणि पिंजरा एकत्र दिसण्याला ते कारण पुरते. पण हालचाल दिसण्याला नाही. नुसत्या प्रतिमा रेंगाळल्या असत्या तर एकावर एक चित्रांचा गिचमिड गोळा दिसला असता. १९१२ मध्ये जर्मन मानसशास्त्रज्ञ माक्स वेर्टहायमर यांनी दोन स्थिर रेषा आळीपाळीने दाखवल्या. मधले अंतर सेकंदाच्या साधारण सतराव्या भागाइतके ठेवले की पाहणाऱ्याला दोन रेषा दिसत नाहीत, एकच रेष इथून तिथे सरकताना दिसते. ती सरकत नसते. मधला प्रवास मेंदू भरून काढतो. म्हणजे हलते चित्र पाहणारे मूल, वरून कितीही निवांत दिसले तरी, आतून काम करत असते. प्रश्न एवढाच, की त्या कामाच्या पुढचे पाऊल टाकायला आपण त्याला वाव देतो की नाही.

पडदा काय देतो, काय देत नाही

इथे मला काही प्रयोगांचा फार उपयोग झाला. अमेरिकेत जूडी डीलोश आणि जॉर्जीन ट्रोसेथ यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग साधा आहे. शेजारच्या खोलीत खेळणे लपवताना मुलाला टीव्हीच्या पडद्यावर दाखवायचे आणि मग त्या खोलीत पाठवून शोधायला सांगायचे. अडीच वर्षांची मुले बहुधा थेट जाऊन खेळणे काढत. दोन वर्षांची मुले गोंधळत. पण तेच दृश्य आपण खिडकीतून पाहतो आहोत अशी समजूत करून दिली, की दोन वर्षांच्या मुलांनाही ते जमू लागे. दिसत सगळे होते. पडद्यावरचे आणि आपल्या हातापायांचे जग एकच आहे, हे त्यांना पटत नव्हते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. एक वर्षाखालच्या मुलाला पडदा अजिबात नको आणि दोन ते चार वर्षांच्या मुलाला बसल्या जागी दिवसाला एका तासाहून जास्त नको, असे त्यांत सांगितले आहे. ते का, हे मला या प्रयोगामुळे नीट समजले.

दुसऱ्या प्रयोगाने माझी 'हाताची घडी' सोडवली. १९७९ मध्ये एलिझाबेथ लॉर्च, डॅनियल अँडरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाच वर्षांच्या मुलांना 'सेसमी स्ट्रीट' हा कार्यक्रम दाखवला. एका गटाच्या खोलीत खेळणी ठेवली, दुसऱ्या गटाच्या खोलीत नाही. खेळण्यांविना बसलेल्या मुलांची नजर सुमारे ८७ टक्के वेळ पडद्यावर होती. खेळणी असलेल्या मुलांची फक्त ४४ टक्के. नंतर काय कळले ते विचारले तर दोन्ही गटांची समज सारखीच निघाली. खेळणारी मुले कान पडद्याकडे ठेवून, महत्त्वाचे काही आले की मान वर करत होती. मूल पडद्याकडे एकटक पाहते आहे म्हणजे त्याला जास्त कळते आहे, हे माझे गृहीतक तिथेच कोसळले.

तिसरी गोष्ट पुनरावृत्तीची. 'ब्लूज क्लूज' हा अमेरिकी कार्यक्रम १९९६ मध्ये सुरू झाला. त्यातला निवेदक मुलांना प्रश्न विचारून खरोखर थांबायचा आणि एकच भाग आठवड्यात पाच दिवस दाखवला जायचा. अभ्यासात दिसले की तोच भाग पुनःपुन्हा पाहताना मुलांची समज वाढते. शिवाय ती पडद्याशी बोलू लागतात, उत्तरे देतात, बोट दाखवतात. मोठ्यांना कंटाळा येतो तेव्हा मूल कामाला लागलेले असते. आजीला रोज तीच गोष्ट सांगायला लावणारी नातवंडे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना यात नवल वाटू नये.

दोन चित्रपट, दोन खेळ

या तीन गोष्टी डोळ्यांसमोर ठेवून मी चित्रपटांची निवड बदलली. दोनच उदाहरणे देतो.

'एक अनेक और एकता' हा १९७४ चा चित्रपट चाळिशी-पन्नाशीतल्या वाचकांनी दूरदर्शनवर हमखास पाहिला असेल. सात मिनिटांचा. फिल्म्स डिव्हिजनची निर्मिती, ॲनिमेशनची जबाबदारी भीमसेन यांची आणि दिग्दर्शन विजया मुळे यांचे. या मूळच्या मुंबईच्या, मराठी घरातल्या. १९७५-७६ मध्ये उपग्रहाद्वारे देशातल्या २४०० खेड्यांत दूरचित्रवाणी पोचवण्याचा प्रयोग झाला, त्यातल्या मुलांच्या कार्यक्रमांशीही त्यांचा जवळचा संबंध होता. 'एक' आणि 'अनेक' हे शब्द अमूर्त आहेत. चार वर्षांच्या मुलाला व्याख्या देऊन ते कळणार नाहीत. चित्रपट ते मोजून दाखवतो आणि मग जाळ्यात सापडलेल्या पाखरांची जुनी गोष्ट सांगतो.

हा चित्रपट झाला की आम्ही जुनी चादर अंथरतो आणि तिच्या मधोमध पाच नारळ ठेवतो. आधी एकाच मुलाने चादर उचलायची. नारळ गडगडत एका कोपऱ्यात जातात. मग चौघांनी चार टोके धरायची. तरी एकाने आधी ओढले की नारळ पुन्हा गडगडतात. मग सगळ्यांनी कडेने धरायचे, कुणीतरी तीन म्हणायचे, आणि नारळ वर. 'एकत्र' म्हणजे नुसते पुष्कळ जण नव्हे, एका वेळी उचलणारे पुष्कळ जण, हे चित्रपटात सांगितलेले मुलांच्या मनगटांना तेव्हा कळते. दर वेळी लगेच मागणी येते, "परत दाखवा." दुसऱ्यांदा पाहताना पाखरे जाळे घेऊन उडण्याच्या क्षणी मुले आपोआप "तीन!" ओरडतात.

दुसरा चित्रपट चेकोस्लोव्हाकियातला. झ्देनेक मिलेर या चित्रकाराने १९५७ मध्ये 'क्रतेक' नावाच्या छोट्या, जमिनीत बिळे करणाऱ्या प्राण्याचा पहिला चित्रपट केला. इंग्रजीत ज्याला मोल म्हणतात तो हा प्राणी आपल्याकडे दिसत नाही, म्हणून आम्ही त्याला 'बिळोबा' म्हणतो. बिळोबाला खिसे असलेली चड्डी हवी असते. अळशीचे रोप त्याला सांगते, माझ्यापासून कापड होते. मग कोळी सूत काततात, मुंग्या विणतात, खेकड्याचा भाऊबंद आपल्या नांग्यांनी कापड बेततो, पक्षी चोचीने शिवतो. अळशीच्या धाग्यापासून कापड कसे तयार होते हे मुलांना समजावे, हाच या चित्रपटाचा मूळ हेतू होता.

कोकणात अळशी नाही. पण सोडण आहे. अळशीचे देठ पाण्यात कुजवतात, म्हणजे धाग्यांना चिकटवून ठेवणारा गर सुटतो. मग ते कुटायचे, विंचरायचे, कातायचे. नारळाच्या सोडणाचेही तंतोतंत तेच. पाण्यात कुजवायचे, कुटायचे, काथ्या मोकळा करायचा आणि सुंभ वळायचे. आमच्या वाडीत सुंभ वळणाऱ्या एक आजी आहेत. त्यांना बोलावले. मुलांच्या गोंगाटाने मी कावराबावरा झालेला पाहून त्या म्हणाल्या, "हातात कायतरी असला की पोरां गप रवतत." त्यांनी प्रत्येकाला काथ्याची मूठ दिली आणि तळहातांत वळून दाखवले.

त्या दिवशी काजू कारखान्यातल्या बाईंचा मुलगा आजींच्या शेजारी बसला होता. पहिल्यांदा वळलेली त्याची वीतभर दोरी ओढताच सुटली. त्याने ती आजींसमोर धरली आणि म्हणाला, "तुटला." आमच्या खोलीत त्याने उच्चारलेला हा पहिला शब्द. आजींनी ती दोरी घेतली, त्याच्या हातांवर आपले हात ठेवून पुन्हा वळली. एवढेच झाले. यापेक्षा मोठे काही झाले असे मी सांगणार नाही.

आमचा शनिवार आता

ज्यांना आपल्या वाचनालयात, अंगणवाडीत किंवा सोसायटीत असे काही करायचे असेल, त्यांच्यासाठी आमची सध्याची पद्धत लिहितो. मुले एका वेळी पंधरा, तीन ते सात वर्षांची, आणि अगदी लहानांबरोबर घरचे कुणीतरी. चित्रपट एकच, दहा-बारा मिनिटांहून मोठा नाही. पहिल्यांदा सलग. दुसऱ्यांदा रेनोसारखा, हवा तिथे थांबवून : "आता काय होईल?" मग किमान अर्धा तास हातकाम. शेवटी मुलांनी मागितला तर तिसऱ्यांदा. हाताची घडी नाही. हातात चिकणमाती, काथ्या, गोट्या, काही असले तरी चालते.

सोपी दोन कामे सांगतो. पहिले पक्षी-पिंजऱ्याचे. दोरे लावलेली चकती लहानांना जमत नाही, शिवाय तिच्यात मागचे चित्र उलटे काढावे लागते आणि तिथे मोठेही चुकतात. आम्ही जाड कागदावर बांगडी ठेवून दोन गोल कापतो. एकावर पक्षी, दुसऱ्यावर पिंजरा, दोन्ही सुलटे. मध्ये खराट्याचा जाड हीर ठेवून गोल पाठीला पाठ लावून चिकटवायचे आणि ताकाची रवी फिरवतो तसा हीर दोन तळहातांत फिरवायचा. पाच रुपयांतही होणार नाही एवढा स्वस्त चित्रपट, आणि तो चालवणारे यंत्र मूल स्वतः.

दुसरे फाळक्यांचे. काचेच्या ग्लासात ओला टीपकागद गुंडाळून त्याच्या नि काचेच्या मध्ये वालाचा दाणा ठेवायचा. ग्लास आणि मोबाइल यांच्या जागा खडूने आखून ठेवायच्या. सकाळी एक, संध्याकाळी एक असा फोटो, बारा दिवस. चोवीस फोटो सेकंदाला बारा या गतीने दाखवले की चित्रपट होतो दोन सेकंदांचा. पहिल्या वेळी मुले म्हणाली, "संपला?" मग आम्ही तो पुन्हा पाहिला, आणि पुन्हा. एका मुलीने सातव्या फोटोतली मुंगी ओळखली. ती मुंगी तिने प्रत्यक्ष पाहिली होती. पडद्यावरचे जग आणि आपले जग एकच, हे तिला कुणी समजावून सांगावे लागले नाही. तोच मोबाइल या कामात कॅमेरा झाला, हेही पालकांच्या लक्षात आले.

यात मी नवे काही केले आहे असे नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडच्या परिसरात बिया, शिंपले, पाने यांतून बालशिक्षणाची साधने उभी केली. पुण्यात अरविंद गुप्ता यांनी काड्यापेटी आणि सायकलच्या व्हॉल्व्हट्यूबमधून विज्ञान शिकवले. आमच्या शेजारच्या पिंगुळीत ठाकर कलावंत चित्रकथीचे एकेक चित्र पुढे धरून गोष्ट सांगतात आणि चामड्याच्या बाहुल्या पडद्यामागे हातांनी नाचवतात. बर्लिनच्या लोटे रायनिगर यांनी कात्रीने कापलेल्या, तारेने सांधे जोडलेल्या आकृत्या एकेक चौकट सरकवून १९२६ मध्ये पूर्ण लांबीचा छायाचित्रपट केला. पिंगुळीची बाहुली पाहिलेल्या मुलाला तो परका वाटत नाही.

त्या बाईंच्या प्रश्नाचे उत्तर मला द्यायचे राहिले होते. गेल्या महिन्यात त्या पुन्हा दारात थांबल्या, तेव्हा दिले. म्हटले, "बाई, तेव्हा फरक नव्हता. तुम्ही तरी अडचणीपोटी देत होता, मी हौसेपोटी देत होतो." त्या हसल्या. मुलगा संध्याकाळी त्या भाकरी करत असताना शेजारी बसून हिराचा पक्षी फिरवतो, असे त्यांनी सांगितले. रात्रीच्या जेवणाला मात्र मोबाइल अजून लागतो. तो पाहताना मधे मधे थांबवून त्याला विचारा, एवढेच मी सुचवले. पुढच्या शनिवारी पुन्हा बिळोबा आहे, आणि काथ्याची मूठ घेऊन आजी येणार आहेत.